सूप, हाडं आणि फँटसीतली गाणी

फँटसी कादंबऱ्यांमधल्या गाण्यांचं मूळ कुठलं यावर वाद सुरू झाला की तो हमखास दोनच वाटांनी जातो आणि मला दोन्ही वाटा बोगस वाटतात. कुणीतरी सांगतं की टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या 'द टू टॉवर्स' या खंडातलं, घोडा कुठे गेला, घोडेस्वार कुठे गेला असं विचारणारं ते शोकगीत हजार वर्षं जुन्या एका इंग्रजी कवितेतून आलंय. लगेच पहिली पार्टी म्हणते, बघा, म्हणजे ढापलंच की, आणि आपण उगाच ग्रेट ग्रेट करत बसलो. दुसरी पार्टी चिडते, म्हणते कुठून का आलेलं असेना, वाचताना काटा येतो ना अंगावर, मग कशाला पोस्टमॉर्टम. त्यानंतर एकमेकांच्या वाचनाचा उद्धार होतो, पण मूळ कविता उघडून तिच्यात नक्की काय लिहिलंय आणि टोल्कीनने त्यातलं काय ठेवलं, काय टाकलं, हे बघायची तसदी दोघांपैकी कुणीच घेत नाही.

माझं म्हणणं असं की फँटसीतल्या पद्यांची मुळं शोधायलाच हवीत, अंदाज बांधायलाच हवेत, कथानकाची मुळं शोधण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं काम आहे, आणि चोरी पकडण्याशी त्याचा जवळपास काही संबंध नाही (एक अपवाद आहे, त्यावर पुढे येतोच). कारण बघा, कादंबरीतल्या गाण्याकडून लेखकाला एक खास काम करून घ्यायचं असतं. ते गाणं त्या काल्पनिक जगात शेकडो वर्षं गायलं जातंय, आज्यांनी नातवंडांना शिकवलंय, असं आपल्याला वाटलं पाहिजे, आणि प्रत्यक्षात ते लेखकाने हल्लीच टेबलावर बसून लिहिलेलं असतं. मग तो जुनेपणा आणायचा कुठून? खरोखर जुन्या असलेल्या गोष्टींच्या चालीतून, लयीतून, प्रश्न विचारायच्या पद्धतीतूनच तो येतो, दुसरा मार्गच नाही. म्हणजे ज्या गाण्याला मागचं कुणीच नाही असं गाणं इथे नापास होईल. आणि कथानक कसं, राजपुत्र घरातून बाहेर पडतो, म्हातारा जादूगार भेटतो, राक्षस मरतो, हे जगात कुठेही कुणालाही सुचतं, दोन कथा जुळल्या म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पद्याचं तसं नसतं. त्याला वृत्त असतं, यमक असतं, शब्दांचा क्रम असतो, कुठल्या प्रश्नानंतर कुठला प्रश्न येतो हे ठरलेलं असतं, त्यामुळे जुळलं तर ते जुळणं तपासता येतं.

आता समोरच्यांचा सगळ्यात तगडा मुद्दा, जो ते स्वतः फारसा वापरत नाहीत म्हणून मीच मांडतो. खुद्द टोल्कीनला हे मूळ शोधणं आवडायचं नाही. 1939 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याने परीकथांवर व्याख्यान दिलं, त्या विषयावरच्या निबंधात तो डेसेंट नावाच्या जुन्या अभ्यासकाचं वाक्य घेतो, की आपल्यापुढे वाढलेल्या सुपावर समाधान मानावं, ते ज्या बैलाच्या हाडांचं केलं ती हाडं बघायला मागू नयेत. सूप म्हणजे लेखकाने वाढलेली गोष्ट, हाडं म्हणजे तिची मुळं. पुढे 1961 मध्ये त्याच्या पुस्तकाच्या स्वीडिश अनुवादकाने प्रस्तावनेत त्यातली जादूची अंगठी म्हणजे जर्मन दंतकथेतल्या निबेलुंगांचीच अंगठी असं काहीतरी ठोकून दिलं, तेव्हा तो इतका वैतागला की प्रकाशकाला त्याने लिहिलं, दोन्ही अंगठ्या गोल होत्या, साम्य तिथेच संपतं. आणि त्याचा वैताग रास्तच होता. अशी ढोबळ जुळवाजुळव करणारे लोक पुस्तक वाचत नसतात, ते आपल्याला आधीपासून माहीत असलेलं पुस्तकात शोधत असतात. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो.

पण याच माणसाने बाकी काय काय केलंय तेही बघा ना. 1938 च्या फेब्रुवारीत 'ऑब्झर्व्हर' वर्तमानपत्रात त्याचं एक पत्र छापून आलं, 'द हॉबिट'बद्दल कुणी वाचकाने प्रश्न विचारले होते त्याचं उत्तर. त्यात तो सरळ सांगून टाकतो की त्यातल्या बुटक्यांची नावं एडा या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहातून घेतली आहेत. बिओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचं ऋण मान्य करतो, पण ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरायचा प्रसंग लिहिताना ते काव्य जाणीवपूर्वक डोक्यात नव्हतं असंही म्हणतो. आणि पुस्तकात गॉलम आणि बिल्बो ही पात्रं एकमेकांना जी कोडी घालतात त्यांच्याबद्दल काय म्हणतो, तर इथे मुळांवर आणि सारख्या नमुन्यांवर काम करण्यासारखं आहे, आणि ही कोडी आम्हीच रचली असा दावा त्या दोघांनी केला तर तो फेटाळला गेल्याचं ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. म्हणजे स्वतःच आमंत्रण देतोय! मग 1947 मध्ये प्रकाशकाला लिहिताना तोच म्हणतो की कोडी सगळी माझीच, तीस पांढऱ्या घोड्यांचं (उत्तर दात) तेवढं पारंपरिक आहे, बिनपायाचं एक आहे, अंड्याचं कोडं एका मोठ्या कोड्याला आटवून केलंय, बाकीच्यांना माझ्या माहितीत नमुना नाही. आता गॉलमचं ते शेवटचं, सगळं खाऊन टाकणाऱ्या काळाचं कोडं घ्या. जुन्या इंग्रजीत सॉलोमन आणि सॅटर्न यांचा पद्यसंवाद आहे, त्यात झाडं मोडणारं, लोखंड खाणारं, सगळ्यांना पुरून उरणारं असं काय ते विचारलंय आणि उत्तर आहे म्हातारपण. जो माणूस हेच साहित्य शिकवून पोट भरत होता त्याने हे वाचलंच नसेल? लेखक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की आपल्या डोक्यात काय कुठून आलं याचा लेखक हा एक साक्षीदार आहे, महत्त्वाचा आहे, पण शेवटचा नाही, आणि त्याच्या एका साक्षीवर केस बंद करता येत नाही. तो स्वतः तसं समजत असता तर 1938 ला तसं लिहिलंच नसतं.

बरं, त्याही पुढची गंमत म्हणजे मूळ शोधायचा हा खेळ तो स्वतः गाण्यांतून खेळायचा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो ब्री गावच्या खानावळीत टेबलावर चढून एक लांबलचक गाणं म्हणतो ते आठवा. त्यात चंद्रावरचा माणूस खाली येऊन बीअर ढोसतो, मांजर फिडल वाजवतं, गाय चंद्रावरून उडी मारते, कुत्रा हसतो, थाळी आणि चमचा नाचतात. इंग्रजीतलं ते गाय चंद्रावरून उडी मारते वालं बडबडगीत सगळ्यांनाच माहीत असतं, चार ओळींचं, काही अर्थ न लागणारं. टोल्कीनने काय केलं, तर त्या चार ओळी म्हणजे एका मोठ्या, नीट अर्थ असलेल्या गाण्याचे उरलेले तुकडे आहेत असं धरलं आणि ते हरवलेलं मोठं गाणं लिहून काढलं. 1923 मध्येच ते छापलं होतं, उपशीर्षकात बडबडगीताचं लफड्याचं गुपित उघड केल्याची भाषा होती. नंतर कादंबरीत टाकताना निवेदक साळसूदपणे सांगतो की यातले थोडेच शब्द हल्ली लोकांच्या लक्षात राहिलेत. म्हणजे आपल्या जगातलं बडबडगीत हे मूळ आणि त्याचं गाणं ही नक्कल, हे नातं त्याने चक्क उलटं केलं, नकलेलाच मूळ बनवलं. हे ज्याला माहीत नाही त्याला ते गाणं दारूच्या गुत्त्यातलं एक मजेशीर गाणं वाटेल, माहीत आहे तो फिस्सकन हसेल. आणि अशा माणसाचं सुपाचं वाक्य पुढे करून तुम्ही मला सांगणार की हाडं बघायची नाहीत? त्याने तर हाडं बघून अख्खा बैल उभा केलाय.

दुसरा खरा आक्षेप आहे योगायोगाचा, आणि हल्ली तो जास्तच खरा झालाय, कारण सर्च मारला की कुठल्याही दोन ओळींना कुठेतरी जोडीदार सापडतोच. सुरुवातीचं ते घोड्याचं शोकगीतच घ्या, टोल्कीनच्या रोहन नावाच्या घोडेस्वारांच्या देशातलं. कुठे गेले ते सगळे, हा प्रश्न काही टोल्कीनने किंवा त्या जुन्या इंग्रजी कवीने शोधलेला नाही. बायबलच्या परंपरेतल्या बारूखच्या पुस्तकात राष्ट्रांचे राजे कुठे गेले असं विचारलंय, मध्ययुगीन लॅटिन कवितांमध्ये हा प्रश्न इतका यायचा की त्या प्रकाराला नावच पडलं, पंधराव्या शतकात फ्रान्स्वा व्हियों जुन्या काळच्या स्त्रियांची यादी करत करत गेल्या सालचं बर्फ कुठे गेलं असं विचारून सगळ्यांना गार करतो. माणसं मरतात, मागे राहिलेले कुठे गेले विचारतात, यात कुणी कुणाची कॉपी करायची गरज काय? बरोबर आहे. म्हणूनच नुसता विषय जुळला, भावना जुळली, यावर अंदाज उभा राहू शकत नाही, आणि जे लोक तेवढ्यावर उभा करतात त्यांना हसलंच पाहिजे.

मग या एका गाण्याच्या बाबतीत मी इतका ठाम का? कारण इथे विषयाच्या पलीकडचं बरंच काही जुळतं. एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात 'द वॉन्डरर' नावाने ओळखली जाणारी कविता आहे, तिच्यात ती प्रसिद्ध ओळ येते, घोडा कुठे गेला, तो जवान कुठे गेला, दान देणारा धनी कुठे गेला, मेजवानीची आसनं कुठे गेली. सुरुवात घोड्यापासून, लगेच माणूस. टोल्कीनचीही सुरुवात घोड्यापासून, लगेच स्वार. राजे कुठे गेले, सुंदऱ्या कुठे गेल्या असं विचारणारे शंभर मिळतील, घोड्यापासून सुरू करणारे किती? दुसरं, हा माणूस 1925 पासून ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता, ही कविता त्याच्या रोजच्या कामाची. तिसरं, कादंबरीत रोहनच्या लोकांची भाषा म्हणून त्याने चक्क जुनी इंग्रजीच वापरली आहे, नावं, अभिवादनं सगळी तीच, आणि ॲरागॉर्न हा कादंबरीतला वीर गाणं म्हणून झाल्यावर सांगतो की हे रोहनमधल्या एका विसरल्या गेलेल्या कवीचं आहे. एक्सेटरच्या त्या कवीचंही नाव कुणाला माहीत नाही. आता यापेक्षा जास्त काय करायचं त्याने, सही करून द्यायची?

पण इथवर येऊन थांबणारे लोकच मला सगळ्यात जास्त खटकतात. मूळ सापडलं, टाळ्या, पुढचं गाणं. अरे पण आता तर खरा खेळ सुरू होतो, आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. 'द वॉन्डरर'मध्ये बोलणारा एक एकटा, देशोधडीला लागलेला माणूस आहे, त्याचा धनी मेलाय, गार समुद्रावर भटकतोय, तो रडगाणं गातो, सगळं नश्वर आहे म्हणतो, आणि कवितेच्या शेवटी काय येतं, तर स्वर्गातल्या पित्याकडे दया मागावी, आपली खरी सुरक्षितता तिथेच आहे. म्हणजे दिलासा आहे. टोल्कीनने प्रश्न घेतले, घोडा घेतला, चिलखत घेतलं, त्यात वीणेच्या तारेवरचा हात, लाल पेटलेली शेकोटी, वसंत, सुगी, उंच वाढणारं पीक अशी शेतीवाडीची भर घातली, आणि शेवटचा स्वर्ग तेवढा काढून टाकला. त्याच्या गाण्याचा शेवट काय आहे? जळालेल्या लाकडाचा धूर कोण गोळा करणार आणि वाहून गेलेली वर्षं समुद्राकडून परत येताना कोण बघणार. बस. उत्तर नाही, पिता नाही, दया नाही. स्वतः पक्का कॅथलिक असलेल्या माणसाने एका ख्रिस्ती कवितेतला दिलासा कापून टाकला, कारण रोहनच्या लोकांना तो दिलासा अजून मिळालेलाच नाहीये, त्यांचा काळ त्याच्या आधीचा आहे.

आणि हे गाणं ऐकतंय कोण? तिथे लेगोलास हा एल्फ आहे. शब्द कळत नसतानाही त्याला त्या भाषेत मर्त्य माणसांचं दुःख भरलेलं जाणवतं, आणि तो स्वतः म्हातारा होत नाही. मूळ कवितेत ऐकणारे सगळे मरणारे होते, इथे न मरणारा एकजण कान देऊन ऐकतोय. शिवाय गाण्याचं वृत्तही बदललंय. एक्सेटरच्या कवितेत यमक नाही, अनुप्रासावर चालणारी ती जुनी जर्मानिक बांधणी आहे, आणि टोल्कीनला ती बांधणी लिहिता यायची, रोहनच्या बाकीच्या पद्यात त्याने लिहिलीही आहे. पण नेमकं या गाण्यात लांब ओळी आणि यमकं आहेत. का? तर ॲरागॉर्न आधी रोहनच्या भाषेत म्हणतो आणि मग सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगतो, म्हणजे आपण वाचतोय तो अनुवाद आहे, अनुवादात वृत्त बदलणारच. हे सगळं, म्हणजे स्वर्ग गायब होणं, अमर श्रोता, वृत्ताची अदलाबदल, तुम्हाला मूळ माहीत नसताना दिसलं असतं का? आणि हे दिसल्यावर गाण्याची मजा कमी झाली की वाढली? ढापलं म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे, ढापणारा माणूस मालातला सगळ्यात मौल्यवान दागिना मुद्दाम मागे ठेवून जातो का?

याच्या उलट एक उदाहरण घेऊ, जिथे मी अंदाज करणार नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालिकेत कास्टमिअरच्या पावसाचं गाणं आहे, ज्याच्या सुरावर ते कुप्रसिद्ध, पाहुण्यांची कत्तल होणारं लग्न होतं. त्या लग्नामागे स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटना आहेत, 1440 चं काळं भोजन आणि 1692 चं ग्लेन्कोचं हत्याकांड, हे लेखकाने स्वतः सांगितलेलं आहे. त्यावरून लोक उडी मारतात की मग गाणंही एखाद्या स्कॉटिश बॅलडवरूनच असणार. का असणार? घटनेचं मूळ वेगळं, गाण्याचं वेगळं. गाण्याच्या शेवटी ओसाड दालनावर पाऊस रडतो आणि ऐकायला कुणी नाही, ही ओळ वाचून मलाही त्याच एक्सेटरच्या हस्तलिखितातली 'द रुइन' ही पडक्या शहरावरची कविता आठवते. पण आठवणं म्हणजे मूळ नव्हे. ओसाड दालन जगभर आहे, पाऊस जगभर आहे, एकही वळण असं नाही जे फक्त तिथूनच येऊ शकतं. म्हणून मी याला सारखेपणा म्हणेन आणि गप्प बसेन. मूळ शोधणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे, नाहीतर त्याच्या बाकीच्या अंदाजांनाही कुणी विचारणार नाही.

आता मजा निघून जाते वाल्यांकडे वळतो. त्यांच्यासाठी लुईस कॅरलची ॲलिस पुरेशी आहे. 1865 च्या त्या पुस्तकात मगरीवरचं एक छोटं गाणं आहे, मगर आपली शेपटी चमकवते, हसत हसत माशांना जबड्यात बोलावते. आज वाचलं तर गोड आहे, विचित्र आहे. पण तेव्हाच्या प्रत्येक इंग्रज पोराने आयझॅक वॉट्सची 1715 ची मधमाशीची कविता घोकलेली होती, आळस करू नये, मधमाशीसारखं राबावं, रिकाम्या हातांना सैतान काम देतो वगैरे. कॅरलने कष्टाळू मधमाशीच्या जागी आरामात तोंड उघडून बसलेली मगर ठेवली. म्हाताऱ्या विल्यमचं गाणं तसंच, रॉबर्ट साउदीची 1799 ची उपदेशाची कविता, तिच्यात म्हातारा सांगतो मी तरुणपणी देवाला विसरलो नाही म्हणून आता सुखात आहे, आणि कॅरलचा म्हातारा डोक्यावर उभा राहतो आणि हंस हाडांसकट खातो. मूळ कविता आता कुणी वाचत नाही, मेल्यात त्या, आणि त्यांच्याबरोबर अर्धा विनोद मेलाय. मार्टिन गार्डनरने 1960 मध्ये टिपा देऊन ॲलिस छापली तेव्हा त्याने मजा मारली की जिवंत केली? मला मान्य आहे की मूळ न कळताही ॲलिस वाचून पोरं हसतात, ते तिचं मोठेपणच आहे. पण आपल्याकडे 'झेंडूची फुले' वाचताना काय होतं तेही आठवा, केशवकुमारांनी रविकिरण मंडळातल्या कवींची जी रेवडी उडवली ती ते कवी वाचलेल्यांना वेगळीच लागते, बाकीच्यांना नुसतं विनोदी पद्य दिसतं. विडंबनाला मूळ हवंच, त्याशिवाय कुणाची टांग खेचली जातेय हेच कळत नाही.

आणि मूळ शोधणाऱ्यांची टांग खेचायचं कामही याच गोतावळ्यात फार आधी होऊन गेलंय. जॅबरवॉकी या निरर्थक शब्दांच्या कवितेचं पहिलं कडवं कॅरलने 1855 मध्ये घरच्या हस्तलिखित अंकात अँग्लो-सॅक्सन कवितेचं कडवं म्हणून टाकलं होतं, खाली विद्वत्तापूर्ण अर्थ देऊन, म्हणजे सुरुवातच खोट्या मुळाने. पुढे 1872 च्या फेब्रुवारीत 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये रॉबर्ट स्कॉटने, तोच ज्याचा ग्रीक शब्दकोश अजून वापरतात, जॅबरवॉकचं खरं मूळ सापडलं अशा मथळ्याने एक लेख लिहिला, जॅबरवॉकीचं स्वतः केलेलं जर्मन भाषांतर छापलं आणि हीच मूळ कविता, इंग्रजी ही नक्कल असा आव आणला. त्यावर सही कुणाची, तर थॉमस चॅटर्टन, म्हणजे अठराव्या शतकातला तो पोरगा ज्याने स्वतःच्या कविता मध्ययुगीन साधूच्या म्हणून खपवल्या. मुळांची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वर्षातून एकदा वाचावा, डोकं जागेवर राहतं. त्यानंतरही विसाव्या शतकात रॉजर ग्रीनने जॅबरवॉकीचं मूळ म्हणून कॅरलच्याच चुलत बहिणीने जर्मनमधून आणलेल्या एका बॅलडकडे बोट दाखवलंच, तरुण मेंढपाळ आणि राक्षसी ग्रिफिन, वाचनात असण्याची शक्यता पक्की, पण जुळतं काय तर तरुण राक्षसाला मारतो एवढंच. म्हणजे परत कथानक. मी याला पास करणार नाही.

राहिला चोरीचा मुद्दा, आणि इथे तो अपवाद. 1939 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाने 'म्बुबे' रेकॉर्ड केलं, 1961 मध्ये त्याचंच रूप असलेलं सिंह झोपतो वालं इंग्रजी गाणं जगभर हिट झालं, लिंडा 1962 मध्ये गरिबीत वारला, 1994 मध्ये ते गाणं 'द लायन किंग'मध्ये वाजलं, आणि त्याच्या घरच्यांना तडजोडीतून पैसे मिळायला 2006 उजाडलं. इथे मूळ कुठलं हे विचारणं म्हणजे सरळ न्यायाचा प्रश्न होता आणि ज्यांनी विचारला त्यांनी बरं काम केलं. ज्या गाण्याचा करणारा किंवा त्याची पोरंबाळं हयात आहेत, ज्यावर कुणीतरी पैसे कमावतंय, तिथे ढापलं हा शब्द जरूर वापरा. दुसरा प्रकार स्कॉटिश कवी मॅक्फर्सनचा, 1760 पासून तो आपल्या रचना ऑसियन नावाच्या प्राचीन कवीच्या म्हणून छापत सुटला, गटेच्या कादंबरीतल्या वेर्टरने त्या आपल्या लाडक्या मुलीला वाचून दाखवल्या, सॅम्युअल जॉन्सन भडकून पुरावे मागत राहिला. तिथेही मूळ विचारणं गरजेचं, कारण दावा खरेपणाचा होता. पण एक्सेटरच्या निनावी कवीचे वारस कोण, आणि टोल्कीनने कधी म्हटलं होतं की रोहन नावाचा देश खरोखर होता? ना कुणाचा खिसा कापला गेला, ना कुणाला फसवलं गेलं. मग पोलिसी भाषा कशाला?

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. जुनी इंग्रजी, नॉर्स, हे सगळं काढून बसणं म्हणजे तुला यातलं काय कळणार असं दाखवणं, मराठी मीडियमवाल्याला परत एकदा दाराबाहेर उभं करणं. असं करणारे लोक आहेत, नाकारत नाही. पण जरा नीट विचार करा, मुळं लपवून कुणाचा फायदा होतो? इंग्रज पोराला ते गाय आणि चंद्राचं गाणं पाळण्यात मिळालेलं असतं, त्याला फ्रोडोचं गाणं ऐकताना काही शोधावं लागत नाही, तो आपोआप हसतो. शोधावं लागतं ते आपल्याला. म्हणजे मूळ सांगणं, लिहून ठेवणं, त्यावर मराठीत बोलणं हा आपल्याला बरोबरीत आणायचा साधा उपाय आहे, आणि हे नको, नुसती मजा घ्या म्हणणारा माणूस नकळत त्या पाळण्यातल्याचीच बाजू घेत असतो. बुटक्यांच्या नावांचंच बघा, ती एडातल्या ज्या 'व्होलुस्पा' काव्यातून आली त्यातली ती नावांची यादीच मुळात नंतर कुणीतरी घुसडलेली आहे असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याला हे समजावून सांगावं लागेल का? क्षेपक म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, कुठला अभंग तुकोबांचा आणि कुठला मागाहून चिकटलेला यावर ज्याच्या घरात वाद झालेत, तो या खेळात बिलकुल परका नाही.

आता एक अंदाज मी स्वतः टाकतो आणि तोडून दाखवा म्हणतो. पेलेनॉरच्या मैदानावर रोहनचे घोडेस्वार हल्ला करतात त्याआधी थेओडेन राजा ओरडतो, उठा, उठा, भाले थरथरतील, ढाली फुटतील, तलवारीचा दिवस, रक्ताचा दिवस, सूर्य उगवण्याआधी. 'व्होलुस्पा'मध्ये जगबुडीच्या आधीचं वर्णन आहे, कुऱ्हाडीचं युग, तलवारीचं युग, ढाली फुटल्या, वाऱ्याचं युग, लांडग्याचं युग, जग कोसळण्याआधी. ढाली प्रत्येक युद्धगीतात फुटतात, त्याला मी काहीच किंमत देत नाही. पण ढाली फुटणं, लगोलग तलवारीचं युग किंवा दिवस अशी जोडशब्दांची माळ, आणि तिचा शेवट आधी या शब्दाने, हे तिन्ही एकत्र मला दुसरीकडे दिसलेलं नाही, आणि हे काव्य टोल्कीनच्या हाताशी होतं हे तर बुटक्यांच्या नावांनी आधीच सिद्ध झालंय. सुरुवातीचं उठा उठा मात्र तिथलं नसावं, ते मला फिन्सबर्गच्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी कवितेच्या उरलेल्या तुकड्यातलं वाटतं, तिथे राजा रात्री आपल्या माणसांना जागे व्हा, ढाली घ्या म्हणतो, पूर्वेला दिसते ती पहाट नव्हे म्हणतो, आणि त्या तुकड्यावरची टोल्कीनची व्याख्यानं 1982 मध्ये पुस्तक होऊन आली आहेत. म्हणजे एकाच आरोळीत दोन मुळं, एक इंग्रजी, एक नॉर्स, आणि बदल असा की जिथे जग कोसळायचं होतं तिथे त्याने सूर्य उगवायला लावला. फिन्सबर्गचा अर्धा भाग थोडा डळमळीत आहे, तो कुणी पाडला तर मी सोडून देईन. 'व्होलुस्पा'चा पाडायचा असेल तर ढाल, तलवार आणि आधी हे तिन्ही एका जागी असलेली दुसरी जुनी कविता आणून दाखवा.